चारच्या गाडीला उमलणारी फुलं

वन्सं, गाडीची शिट्टी झाली आणि मी हातातलं सूप तसंच खाली ठेवून उभी राहिले. डोक्यावर पदर घेतला, तांब्या उचलला, उंबऱ्यापर्यंत गेले आणि मग आठवलं. तुमच्या भावानं ओसरीवरनं बघितलं. मीच आपली म्हणलं, "तुळशीला पाणी घालायलेय." तुळस मागच्या अंगणात आणि मी पुढच्या दारात उभी. त्यांनी नुसती मान हलवली. सगळं कळतं त्यांना आणि बोलत काही नाहीत. तुमच्याच आईचं लेकरू ते.

तेरावं झालं. पाहुणे पांगले, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला गेली. घर इतकं शांत झालंय की माझाच आवाज मला मोठा वाटायलाय. तुमी असतात तर म्हणला असतात, "आत्ता कळलं का तुला?" म्हणून लिहायला बसले. भागू लिहायला बसली की तेवढा वेळ घराच्या कानाला आराम, असं तुमचं म्हणणंच होतं. अक्षर माझं अजून तसंच आहे, अंगणातनं कोंबडी चालत गेल्यासारखं. शाळा आपल्यापैकी कुणी बघितली होती? पोथीवर बोट फिरवत फिरवत दोघी शिकलो, तुमी पुढं नि मी मागं. वाचणं तुमचं बरं, लिहिणं माझं बरं. त्याच्यावरनंही आपण भांडलोच.

कशावरनं भांडलो नाही ते सांगा बरं. आमटीत गूळ किती, पापड कोणत्या बाजूनं उलटायचा, मांजराला घरात घ्यायचं का नाही. ती भांडणं मिटली, का मिटली ते आता आठवतही नाही. एक तेवढं राहिलं. फुलांचं. ते तुमी अर्धं ठेवून गेलात. त्यात शेवटचं बोलणं तुमचं होतं, माझी पाळी होती आणि मला काही सुचलं नव्हतं.

मी ह्या घरात आले तेव्हा तुमी इथंच होतात. मला वाटलं, नणंद माहेरपणाला आली असंल, जाईल चार दिवसांनी. मग माझ्या आईनं कानात सांगितलं, जायची नाही ती, झरीला दिली होती, नवरा गेला, आता इथंच असते. तेव्हा मी लहान. मला तुमच्या कपाळाची भीती वाटायची. मोकळं कपाळ आणि त्याच्याखाली एवढे हसरे डोळे, ते मला जुळवताच यायचं नाही. पण रोज संध्याकाळी माझी वेणी तुमीच घालायचात. गजरा तुमीच ओवायचात. तुमच्या हातच्या गजऱ्याची गाठ कधी सुटली नाही. अख्ख्या आळीतल्या सुना तुमच्याकडं फुलं आणून द्यायच्या, "आत्या, तेवढा ओवून ठेवा." तुमी ओवायचात, पाणी मारून केळीच्या पानात गुंडाळून ठेवायचात, जिचा तिला द्यायचात. मग परातीत हात धुवायचात. त्या धुण्याकडं मी इतकी वर्षं बघत आले. काय बोलणार?

मला माहेरची आठवण आली की तुमी मला गाडी दाखवायला न्यायचात. सासूबाईंना सांगायचात, "कापसाच्या जिनातनं सरकी बघून येतो." आणि आपण स्टेशनाच्या तारेच्या कुंपणापाशी. चारची गाडी यायची पाचला. तेवढा वेळ आपण तिथं उभ्या, अंगावर रुई उडायलेली. तो रस्ता कसा होता, हे आताच्या पोरींना सांगून पटत नाही. दोन्ही अंगाला जिनाच्या भिंती, कापसाच्या गाड्यांच्या खोल चाकोऱ्या, शेण, चिखल, बाभळीच्या काट्याला अडकलेली रुई. सेलूत उतरणारा माणूस पहिल्यांदा नाकाला रुमाल लावायचा, मग गाव बघायचा.

त्या रस्त्यावर फुलांचं चमन करायचं, गावची सफाई-दिवाबत्ती बघणाऱ्या बल्दियाच्या मनात आलं, ते सुभेदारसाहेबांच्या दौऱ्यामुळं. एरवी साहेब यायचे तेव्हा आंब्याच्या पानांची कमान बांधायची, दोन केळीचे खुंट रोवायचे, नि साहेबांची पाठ वळली की बकऱ्यांनी कमान खायची. त्या वर्षी कुणाला तरी सुचलं, कमान कशाला, रस्त्याच्या दोन्ही कडेला वाफेच करू. परभणीच्या सरकारी बागेतनं रोपं आली. पाणी पखालवाल्यानं घालायचं आणि ज्याच्या दारासमोर वाफा त्यानं तो राखायचा, असं दवंडी देऊन सांगितलं. आपल्या दारासमोर तगर आणि जास्वंद पडली, पलीकडं झेंडू, पुढं गुलाब.

आणि फुलं आली हो! लय आली. पण उजाडायच्या आत आली आणि उजाडायच्या आत गेली. श्रावण चाललेला. सोमवारचा महादेव, शुक्रवारची जिवती, शनिवारचा मारुती. अख्खी आळी परड्या घेऊन रस्त्यावर. देवाला फूल न्यायला परवानगी लागते, हे आमच्या कुणाच्या डोक्यात येईल तरी का? मी आपल्या वाफ्यातलं काढायची, पलीकडची माझ्याआधी उठली तर ती माझ्या वाफ्यातलं काढायची, म्हणून मी तिच्याही आधी उठायची. देवघरं कशी भरून गेली होती! रस्त्यावर मात्र नुसती पानं.

करीमसाहेब, बल्दियाचे दरोगा, रोज सकाळी सफाई बघायला यायचे ते डोक्याला हात लावून उभे राहिले.

"क्या यमुनाआत्या, ये कैसा चमन है? शामकू कली देखतौं, सुबूकू खाली डंठल!"

तुमी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणलात, "मला कशाला विचारताव दरोगासाहेब? माझ्या भावजयीला विचारा. तिचे देव लय भुकेले हायत."

मी आतनं ऐकत होते. असा राग आला!

साहेब यायच्या आदल्या दिवशी दरोगांनी काय केलं, ते आठवून तुमी मरेपर्यंत हसत होतात. बाजारातनं टोपलीभर झेंडू आणला आणि दोन माणसं लावून एकेक फूल दोऱ्यानं झाडाला बांधलं. तगरीला झेंडू, जास्वंदीला झेंडू, गुलाबाला झेंडू. संध्याकाळी रस्ता कसा पिवळाधमक दिसायला. दुसऱ्या दिवशी नेमका सोमवार. वन्सं, बाया काय करणार? फूल झाडावर दिसलं, काढलं. काहींनी तर दोऱ्यासकट. पलीकडचीनं तोच दोरा वापरून देवाला हार केला, आणि तिला वाटलं, काय सोय केलीय बल्दियानं!

सुभेदारसाहेब आले. गाडीतनं उतरून चालत निघाले. दोन्ही कडेला हिरवीगार पानं आणि पानांना दोऱ्यांची टोकं. साहेब थांबले, वाकले, आणि चांगल्या मनानं विचारलं, "दरोगा, ये कौनसा साग बोया है?"

पालेभाजी वाटली त्यांना ती! गाव हसलं. दरोगा नाही हसले. दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेले, "नक्को बाबा ये चमन. दिवालीके बाद उखाड देंगे. कपाशीकी गाड्यां आती, खडी करनेकू जगा नै. वहीं खडी करेंगे."

मला त्यात काही वाईट वाटलं नाही, खरं सांगते. गाड्यांना जागा नव्हतीच. पण तुमी त्या दिवशी दुपारी जेवला नाहीत. मी ताट वाढलं, तुमी भाकरी थापतच राहिलात. एकामागून एक. मी म्हणलं, "वन्सं, घरात माणसं किती नि भाकरी किती?"

"खाऊ दे कुणी बी."

"एवढं काय त्याच्यात? गेलं चमन तर गेलं. साहेबाला कमानच बरी."

"कमान साहेबासाठी असते भागू. साहेब रोज येतो का? गाडी रोज येते."

"मग गाडीतल्यांना काय पडलंय फुलांचं? फूल देवाला वाहावं, न्हाईतर डोक्यात घालावं. रस्त्यावर राहून करायचंय काय?"

तेव्हा तुमी बोललात ते मला तोंडपाठ आहे. "दारातलं फूल घराचं. देवळातलं देवाचं. रस्त्यावरचं कुणाचंच न्हाई. म्हणून ते बघायला कुणाला विचारावं लागत न्हाई."

मला त्यातलं काही कळलं नाही. मी तापलेलीच होते, ते 'भुकेले देव' अजून टोचत होते. म्हणलं, "मग असं झाड लावा, जे देवाच्या वेळंला उमलतच न्हाई! गुलबास लावा गुलबास. चार वाजता उमलू द्या तुमची फुलं, गाडी बघून. आन् सकाळी मिटून बसू द्या. बसा मग बघत!"

तुमच्या हातात थापलेली भाकरी होती. ती तव्यावर टाकलीत आणि माझ्याकडं बघत राहिलात. इतका वेळ बघत राहिलात की मला वाटलं, आता लागलं ह्यांना, आता रडतेत. तर तुमी म्हणलात, "भागू, तू येडी हायस." आणि पीठभरल्या हातानं तशाच बाहेर. ती भाकरी जळून कोळसा झाली आणि मलाच खावी लागली. पण माझा टोमणा तुमी उचलून घेऊन गेलात, हे मला संध्याकाळी कळलं, तुमच्या पदराला बियांच्या गाठी दिसल्या तेव्हा.

गुलबक्षीला आपल्याकडं गुलबास म्हणतात आणि कुणी विचारत नाही त्याला. परड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, उकिरड्याच्या कडेला उगवतं. मिऱ्यासारखं काळं बी. पोरं ते फोडून आतलं पांढरं पीठ तोंडाला फासतात. तुमी घरोघर गेलात. मागच्या अंगणात, देवळाच्या पाठीमागं, मोमिनांच्या वाड्याच्या न्हाणीपाशी. "कशाला आत्या?" विचारलं की सांगायचात, "भावजयीनं सांगितलंय." बघा आता! जिथं तिथं माझं नाव. दरोगांना म्हणलात, तुमच्या शब्दाप्रमाणं दिवाळीपर्यंत थांबा, मग खुशाल उखडा. ते म्हणले, "हौ आत्या, दिवालीतक." त्यांनाही उखडायची हौस नव्हतीच.

वाफ्यात पेरलेली ती उगवून आली. वाढली. पण फुलाचं नाव नाही. दसरा गेला. कापसाच्या गाड्या यायला लागल्या, वाफ्याच्या कडेकडेनं उभ्या राहायला लागल्या. एका बैलानं कोपऱ्यातली चार झाडं खाल्ली, तर तुमी त्या गाडीवानाला असं झाडलंत की तो बैल घेऊन पार चौकापलीकडं गेला. दिवाळी झाली. दरोगा दोन माणसं नि फावडी घेऊन दारात. सकाळची वेळ. झाडांवर मिटलेल्या कळ्या, नुसत्या सुया.

"आत्या, मैं क्या करूं? हुकूम है."

"हुकूम संध्याकाळी करा. गाडीच्या वेळंला या."

"गाडीसे क्या होता?"

"या तर."

आले बिचारे. माणसं फावडी टेकवून जिनाच्या सावलीत बसली. तुमी ओट्यावर, मी दारात. मला वाटायलं, देवा, आज तरी उमलू दे, न्हाईतर ह्या बाईला घरात कसं घ्यायचं मी? उन्हं कलली. लांबून शिट्टी झाली. आणि वन्सं, आपण बोलत होतो का, गप्प होतो, मला आठवत नाही, पण बघते तर एक उघडलेलं. मग शेजारचं. मग सगळा रस्ता. राणी रंगाची, पिवळी, पांढरी, आणि एकाच झाडावर दोन रंगांचे पट्टे असलेली. वास असा सुटला की जिनातल्या बाया सरकी टाकून बाहेर आल्या. गाडीतनं उतरलेली माणसं डोक्यावरचं ओझं विसरून रस्त्यातच थांबायला लागली. मागच्याला पुढचा दिसेना, सगळा गोंधळ.

दरोगांनी विचारलं, "ये सुबूतक टिकतैं क्या?"

"सकाळी मिटतेत. देवाच्या वेळंला झोपलेली असतेत."

ते हसले. सुभेदार गेल्यापासनं पहिल्यांदा हसले. "याने सागबी नै, चोरीबी नै." मग माणसांकडं वळून म्हणले, "चलो, फावडे उठाओ. गाड्यांकू दुसरी जगा देखेंगे."

तेव्हापासून दर वर्षी पाऊस पडला की ती आपली आपण उगवतात. मागून बल्दियानं कडेनं दगड लावून दिले, पखालवाल्याला उन्हाळ्यात विहिरीवर पाळी दिली. परभणीचे पाहुणे आले तर म्हणायचे, सेलूचं स्टेशन कसं सुंदर आहे. आणि पूजेची परडी घेऊन सकाळी जाणाऱ्या बाया मात्र कुरकुरायच्या, "काय बाई ही फुलं, देवाच्या वेळंला मिटलेली." तुमी ओट्यावरनं म्हणायचात, "देवानंच सांगितलंय त्यांना, माझ्यासाठी उठू नका." पोरींना तुमचा नियम होता, झाडावरचं तोडायचं नाही, सकाळी गळलेली खुशाल वेचा. पोरी त्यांचीच देठात देठ अडकवून वेणी करायच्या, दोरा नाही, सुई नाही. तुमीच शिकवलेली.

कुणीही वाखाणलं की तुमी म्हणायचात, "ही अक्कल माझ्या भावजयीची." आणि मी म्हणायची, "मी टोमणा मारला होता हो!" त्यावर तुमी, "तोच पेरला." किती वेळा झालं असंल हे आपलं!

आता ते राहिलेलं भांडण.

मागं एका वर्षी गौरी बसल्या होत्या आणि मला फुलं कमी पडायलेली. बाहेर बघते तर रस्ताभर गळून पडलेल्या गुलबासांचा लगदा. माझा जीव तुटला. मी म्हणलं, "बघा वन्सं, सांजेला उमलायचं, सकाळी गळायचं. ना देवाला, ना केसात. नुसती वाया जातेत."

तुमी माझा गजरा ओवत होतात. हात थांबला. मला म्हणलात, "वाया म्हंजे काय ग, भागू? मी वाया गेले का?"

रागानं नाही म्हणलात. मीठ कुठं ठेवलंय, असं विचारावं तसं. मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तुमी गाठ मारलीत, गजरा माझ्या अंबाड्यात खोचलात, परातीत हात धुतलेत आणि गोठ्यात गेलात. उत्तर मागितलंच नाही मला. एवढी बोलकी मी. आळीतल्या बाया म्हणतात, भागीरथी बोलायला लागली की चारची गाडी निघून जाते. आणि मला एक शब्द मिळू नये?

त्याच आठवड्यात, आपण वाफ्याला पाणी घालत होतो. गाडी येऊन गेली होती. तुमी तांब्या उपडा करत करत सांगायला लागलात. झरीहून तुमाला बाबा घेऊन आले, तो दिवस. परभणीपर्यंत बैलगाडी, पुढं ही गाडी. "मी चौदाची बी नसंन. सासूनं निघताना नवं लुगडं काढून घेतलं, जुनं दिलं. गाडीत बाबा एक अक्षर बोलले न्हाईत. इथं उतरले. बाबा पुढं, मी मागं. मला वाटलं, घरी गेल्यावर आई रडंल, मग सगळ्या रडतील, मग मी त्या घरातनं कधी बाहेर पडायची न्हाई. घरी जायच्या आत कुठंतरी काहीतरी बघावं असं मला लय वाटत होतं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भिंत, शेण आन् रुई. दुसरं काही नव्हतंच ग, भागू."

तांब्यातलं पाणी संपलं होतं, तरी तुमी तो उपडाच धरला होतात. मग म्हणलात, "चल, दिवा लावायची वेळ झाली."

म्हणून रोज गाडी. म्हणून कुणाचंच नसलेलं फूल. मला तेव्हा सगळं कळलं वन्सं, आणि मी काय म्हणलं? "उद्या शेंगदाणे भाजायचेत." हे असं का होतं माणसाचं, तुमीच सांगा. तुमच्याजवळ सरकून बसावं, हातावर हात ठेवावं, एवढं तरी. पण आपल्यात ती रीत नव्हती. आपल्यात भांडायची रीत होती. पुढं तुमी काही काढलं नाहीत आणि मीही नाही. रोज शिट्टी झाली की तुमी म्हणायचात, "भागू, चल, उमलली असतील." आणि मी निघायची. तेच माझं उत्तर, असं मी मनाशी धरून चालले होते. तुमाला पोचलं का, हे विचारायचं राहून गेलं.

यंदा दिवस वाईट आले, गावोगावी दंगे नि जाळपोळ. गाडीतनं उतरणारे कमी, चढणारे लय. ज्याला सोय आहे तो बायकापोरं घेऊन संस्थानच्या हद्दीपलीकडं जायलाय. गाठोडी, ट्रंका, पिंजऱ्यात पोपटसुद्धा. मी म्हणलं, "वन्सं, आता कोण बघतंय फुलं?" तुमी म्हणलात, "जाणाऱ्यानं बी बघावी. आपलं गाव म्हणून शेवटचं काही डोळ्यापुढं यायला पाहिजे ना त्याच्या." करीमसाहेब आता थकलेत, तरी एक दिवस आपणहून बादली घेऊन आले. इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. तुमी नि त्यांनी मिळून कोपऱ्यातल्या वाफ्याला पाणी घातलंत. ते मी खिडकीतनं बघितलं.

आणि त्या सकाळी तुमी दळण अर्धं ठेवून म्हणलात, "जरा पडते." इतकंच. तुमी दिवसा कधी पडत नव्हतात, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

बाया जमल्या. तुमाला न्हाऊ घातलं. सवाष्ण असती तर हिरवं लुगडं, हळदीकुंकू, फुलं, सगळ्यांना सगळं पाठ असतं. तुमच्यासाठी काय आणायचं, हे कुणाला कळेना. शेजारची सावित्री, जिला तुमी लहानपणी वेणी शिकवलीत, ती परडीभर तगर घेऊन आली आणि दारातच थबकली. म्हणली, "मामी, आत्याला चालंल का?" सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. माझा हात पुढं झाला होता. वाटलं, ओतावीत सगळी तुमच्यावर, बोलू दे कुणाला काय बोलायचं ते. आणि तेवढ्यात तुमीच कानात बोललात जशा, "ए पोरी, देठाला हात लावू नको." मी म्हणलं, "ठेव बाई तुळशीपाशी. आत्याला तोडलेलं नको असतं."

बाहेर गडबड चाललेली. जाणती माणसं म्हणायलीत, दुपारच्या आत उरकू, दिवस बरे नाहीत. मागच्या गल्लीनं ओढ्याकाठचं मसण जवळ. मी पदर सावरून ओसरीवर गेले, पुरुषांच्या बैठकीत. "गाडीपर्यंत थांबा," म्हणलं. "झरीची माणसं येतील."

"झरीची?" तुमचे चुलतभाऊ म्हणले. "इतक्या वर्षांत एक माणूस फिरकला न्हाई तिकडचा. आता कशाला येतेत वहिनी?"

"येतील. मला वाटायलंय."

सगळ्यांना वाटलं असंल, दुःखानं हिचं डोकं फिरलंय. तुमच्या भावानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. डोळे कसे लाल झालेले. मग भिंतीकडं बघत म्हणले, "थांबू गाडीपर्यंत. मोठ्या बहिणीचं सासर हाय, वाट बघायला पाहिजे." झरीला सांगावा धाडलाच नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुपारभर बसलो तुमच्याजवळ. गाडीनं तुमच्यासाठी तरी वेळ पाळावी, पण नाही, रोजच्यासारखीच उशिरा. शिट्टी झाली तेव्हा मी तुमच्या कानाशी वाकले. म्हणलं, "वन्सं, चला, उमलली असतील."

झरीचं कुणी आलं नाही. तुमच्या भावानं खांदा दिला आणि मागच्या गल्लीकडं वळणाऱ्यांना म्हणले, "स्टेशनावरनं चला." कुणी म्हणलं, लांब पडंल. ते म्हणले, "पडू द्या."

बायांनी पुढं जायचं नसतं. मी दारातल्या वाफ्यापाशी उभी राहिले. रस्ता दोन्ही कडेनं फुललेला, नुकताच, अजून एकेक उघडायलेलं. समोरनं गाडीतनं उतरलेली माणसं यायलेली. तुमाला बघून ती वाट द्यायला कडेला झाली, वाफ्यांना लागून, पायातल्या वहाणा काढून. करीमसाहेब त्यांच्यातच होते, डोक्यावरची टोपी नीट करत. एकानंही फुलाला हात लावला नाही. तुमी मधनं गेलात, सावकाश. लांबच्याच वाटेनं.

माझ्याशेजारी एक परकी बाई उभी होती, काखेत गाठोडं, बोटाला लहान पोरगी. ती पोरगी वाकून एका पट्ट्यापट्ट्याच्या फुलाकडं बघत होती. म्हणली, "आई, ही फुलं कुणाची ग?"

ती बाई म्हणली, "कुणाचीच न्हाईत. बघ तू."

वन्सं, तुमी तेवढ्यात वळणापर्यंत गेला होतात. ऐकलंत का?